अमेरिकेतली ईसीपी: पुराने-वणव्याने मोडलेल्या जमिनीचं दुरुस्ती अनुदान, आणि ते अडतं कुठे

नांगरट

अमेरिकेतल्या २०२४च्या हेलीन वादळाच्या धाग्यावर पीकविमा, गुरांची भरपाई आणि ईसीपी यांची खिचडी झाली आहे. म्हणून हा वेगळा धागा.

ईसीपी म्हणजे इमर्जन्सी कन्झर्व्हेशन प्रोग्राम. मूळ कायदा १९७८चा ॲग्रिकल्चरल क्रेडिट ॲक्ट. अंमलबजावणी अमेरिकी कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीकडे (एफएसए), तांत्रिक सल्ला बहुतेक वेळा त्याच खात्याच्या जमीन-पाणी संवर्धन शाखेचा, म्हणजे एनआरसीएसचा. यात पिकाचा एक सेंटही मिळत नाही. पीक गेलं तर विमा, गुरं दगावली तर एलआयपी (पशुधन भरपाई योजना), दुष्काळाने चराई गेली तर एलएफपी (चारा भरपाई योजना). ईसीपी फक्त जमीन आणि जमिनीवरची ठरावीक कायमची कामं पूर्ववत करण्यासाठी. गोठा, कोठार, घर, खाजगी रस्ता यांतलं काहीही बसत नाही.

नुकसान चार चाळण्यांतून जातं. दुरुस्ती केली नाही तर जमीन धोक्यात येईल का? उत्पादनक्षमतेवर खरोखर परिणाम होईल का? नुकसान नेहमीचं नसून असाधारण आहे का? (वाऱ्याने होणारी धूप या अटीतून वगळली आहे.) आणि खर्च इतका आहे का की सरकारी मदतीशिवाय झेपणार नाही? तिसऱ्या चाळणीत बरेच अर्ज गळतात. नदीकाठचं जे शेत दर दोन-चार वर्षांनी पाण्याखाली जातं, ते 'नवं नुकसान' म्हणून दाखवता येत नाही. आपत्तीच्या आधी जमिनीत शेती उत्पादन सुरू असायला हवं, हेही आहेच.

कामांना क्रमांक आहेत, कार्यालयात त्याच भाषेत बोलतात:
ईसी-१ राडारोडा काढणं, ईसी-२ सपाटीकरण आणि खड्डे भरणं, ईसी-३ कायमची कुंपणं, ईसी-४ बांध, तळी, पाण्याच्या वाटा, सिंचनाच्या पाइपलाइन वगैरे, ईसी-५ वाऱ्याची धूप थांबवणं, ईसी-६ दुष्काळात गुरांना आणि फळबागांना पाणी, ईसी-७ इतर, ईसी-८ वाराप्रतिबंधक झाडांच्या रांगा.

अर्जाचा क्रम असा. नुकसान झालं की आधी फोटो आणि मोजमाप. मग काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) एफएसए कार्यालयात एफएसए-८४८ हा अर्ज. शेताची नोंद (फार्म नंबर, ट्रॅक्ट नंबर) नसेल तर ती आधी करावी लागते, आणि एडी-१०२६ हे पाणथळ व धूपप्रवण जमिनीबद्दलचं प्रमाणपत्र फाइलमध्ये लागतं. त्यानंतर शेतावर पाहणी, पर्यावरण तपासणी, काउंटी कमिटीची मंजुरी आणि ८४८-ए हा करार. त्याच्यानंतर काम. शेवटी बिलं आणि ८४८-बी हा काम पूर्ण झाल्याचा दाखला, मग पैसे. म्हणजे खर्च आधी खिशातून, परतावा मागून. आगाऊ काही मिळत नाही.

काउंटी कमिटी म्हणजे त्या भागातल्या शेतकऱ्यांनी मतदानाने निवडलेले शेतकरी. कागदावर सगळं केंद्राचं असलं तरी 'हे नुकसान असाधारण आहे का' हे गावातलीच माणसं ठरवतात. याचे फायदेही आहेत आणि व्हायचा तो त्रासही होतो.

माळरान

चांगला धागा. एक दुरुस्ती: "आगाऊ काही मिळत नाही" हे कुंपणाला लागू नाही. २०१८च्या फार्म बिलाने (अमेरिकेचा दर काही वर्षांनी होणारा शेती कायदा) कुंपणाच्या दुरुस्तीसाठी किंवा नव्या कुंपणासाठी खर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काम सुरू होण्याआधी देण्याची सोय केली. मात्र ती ६० दिवसांत खर्च झाली नाही तर परत करावी लागते. मोठ्या वणव्यानंतर आसपासच्या सगळ्यांनाच एकदम तार आणि खांब हवे असतात, दुकानात माल नसतो, ठेकेदार रांगेत असतो. त्यामुळे माल कधी मिळणार हे लेखी घेतल्याशिवाय उचल घेऊ नये.

त्याच कायद्याने मर्यादाही बदलली. एका आपत्तीसाठी एका व्यक्तीला जास्तीत जास्त ५ लाख डॉलर. आधी ती २ लाख होती. शिवाय अनुदान त्या जमिनीच्या शेती-मूल्याच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. खडकाळ, स्वस्त कुरणावर हा दुसरा नियम खरोखर आड येतो, कारण तिथे एकरी किंमत कमी आणि कुंपणाचा फुटामागे खर्च मात्र सगळीकडे सारखाच.

नांगरट

बरोबर, कुंपणाचं राहिलं होतं. धन्यवाद.

गोदाकाठ

७५ टक्के मिळतात असं ऐकलंय. म्हणजे २० हजार डॉलरच्या कामाला १५ हजार?

नांगरट

इथेच गफलत होते. "७५ टक्क्यांपर्यंत" हा शब्द नीट वाचा. प्रत्येक घटकाचा मान्य दर ठरलेला असतो: फुटामागे कुंपण, तासाला डोझर, घनयार्डमागे (सुमारे पाऊण घनमीटर) माती. तुमचा प्रत्यक्ष खर्च आणि मान्य दराने येणारा खर्च, यांतला जो कमी त्यावर टक्केवारी लागते.

आकडे उदाहरणापुरते धरू. ठेकेदाराने २०,००० घेतले, मान्य दराने काम १६,०००चं होतं. ७५ टक्के म्हणजे १२,०००. खिशातून गेले ८,०००. कागदावर ७५, हातात ६० टक्के. मर्यादित साधनांच्या आणि नव्या शेतकऱ्यांना (शेती सुरू करून १० वर्षं न झालेल्या) ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. या गटाचे निकष बदलत असतात, तेव्हा अर्ज करतानाच विचारून घ्या. नंतर गट बदलून मागता येईल या भरवशावर राहू नका.

दुसरी मेख म्हणजे अनुदान आधी होतं तसं करून देण्याचं आहे. चार तारांचं कुंपण जळलं आणि तुम्ही पाच तारा ओढल्या, तर पाचवी तुमची. जुनी पाइपलाइन सहा इंची होती आणि आठ इंची टाकली, तर फरक तुमचा.

पाणंद

मंजुरीआधी काम सुरू केलं तर काय होतं? पूर ओसरल्यावर महिनाभर हात बांधून बसायचं का? गुरं रस्त्यावर येतील.

माळरान

मंजुरीआधी केलेलं काम साधारणपणे अपात्र. त्याचं कारण केवळ लालफीत नाही. जमीन उकरायची म्हटली की पर्यावरण तपासणी आणि पुरातत्त्वाच्या दृष्टीने १९६६च्या ऐतिहासिक वारसा कायद्याखालची तपासणी आधी व्हावी लागते. एकदा डोझर फिरला की तपासायला काही उरत नाही, म्हणून मागाहून मंजुरी देता येत नाही.

पण गुरं अडवण्यासाठी तातडीचं कुंपण आणि राडारोडा काढणं यांसाठी सवलत मिळते. मोठ्या आपत्तीनंतर एफएसए ती सवलत जाहीर करते. हेलीननंतरही केली होती. ती आपोआप मिळते असं धरू नये. कार्यालयात फोन करून, कोणाशी कधी बोललो ते लिहून ठेवून, लगेच ई-मेलने तेच कळवावं. आणि जुन्या खांबांच्या रेषेतच काम करावं. रेषा हलवली की नवी जमीन उकरली, आणि मग तपासणी आलीच.

बाकी तात्पुरती विजेची तार लावून गुरं अडवायला कोणाची हरकत नाही. फक्त तिचे पैसे ईसी-३मध्ये मागू नका, ते कायमच्या कुंपणासाठी आहे.

ढेकूळ

वणव्यात तार उभी दिसते, खांब तेवढे काळे झालेले असतात. अशी तार बदलायला मंजुरी मिळते का?

माळरान

मिळते, पण सिद्ध करावं लागतं. २६ फेब्रुवारी २०२४ला टेक्सासच्या पॅनहँडलमध्ये (राज्याच्या उत्तर टोकाचा भाग) स्मोकहाउस क्रीक वणवा सुरू झाला आणि १० लाख एकरांहून जास्त जळलं. तिथे हा प्रश्न मैलोन्‌मैल होता.

तारेवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं. गवताची आग भर्रकन पुढे जाते, त्यामुळे मोकळ्या भागात तार बऱ्याचदा वाचते. पण लाकडी खांब तासन्‌तास धुमसत राहतो, आणि त्याला चिकटलेला तारेचा तुकडा मार खातो. झुडपं किंवा वाळकी काटेरी गवतं कुंपणाला अडकलेली असतील तर तिथेही तेच. मुलामा गेला की वर्षा-दोन वर्षांत गंज चढतो, आणि तापून थंड झालेल्या तारेचा ताण निघून जातो, ती पुन्हा ओढली की तुटते.

तपासायची साधी रीत: खांबापासून आणि दोन खांबांच्या मधून अशी दोन्हीकडची तार वाकवून परत सरळ करायची. मोडली किंवा मुलाम्याची पापुद्री निघाली तर ती गेली. प्रत्येक तपासणीच्या जागेचा फोटो, शेजारी मोजपट्टी, आणि जीपीएसचं ठिकाण. लोखंडी टी-पोस्टचा रंग जळला तरी सरळ असेल तर ते सहसा चालतात. तेही बदलायचे म्हणून यादीत घातले तर सगळ्या अर्जाकडे संशयाने पाहिलं जातं.

जुनी तार गुंडाळण्याआधी लांबी मोजा. हे सांगायला नको, पण सगळ्यात जास्त हेच राहतं. तार निघाल्यावर २,४०० फूट होती की ३,१०० हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग हवाई छायाचित्रावरून जे दिसेल ते धरतात.

मालाचा अंदाज: काटेरी तारेचं भेंडोळं १,३२० फुटांचं, म्हणजे पाव मैल. एका मैलाला चार तारा म्हणजे १६ भेंडोळी. टी-पोस्ट साडेसोळा फुटांवर धरले तर मैलाला ३२०, बारा फुटांवर ४४०. कोपऱ्यांच्या एच-ब्रेस (एच आकाराचे खांबांचे आधार) वेगळ्या. कुंपण उभं राहतं ते कोपऱ्यांवर, आणि कंजूषी नेमकी तिथेच होते. काम एनआरसीएसच्या ३८२ क्रमांकाच्या मानकात बसायला हवं, राज्याराज्यात त्याचे तपशील बदलतात. तपासायला येणारा माणूस आधी कोपराच हलवून बघतो.

रानमेवा

वाळूबद्दल कोणी लिहील का? हेलीननंतर पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात नदीकाठची सुपीक पट्टी कुठे वाळूखाली गेली, कुठे खरवडून निघाली. दोन्हीला एकच नियम लागतो का?

नांगरट

दोन वेगळी कामं आहेत. वर येऊन बसलेलं काढणं किंवा पसरणं, आणि खरवडून गेलेलं भरणं.

वाळूचं आधी. १९९३च्या मिसिसिपी-मिसूरी महापुरानंतर मध्यपश्चिमेत बसलेला ढोबळ हिशोब अजून वापरात आहे. दोन इंचांपर्यंत थर असेल तर नेहमीची मशागत पुरे. दोन ते आठ इंच असेल तर खोल नांगरून खालच्या मातीत मिसळायचा. आठ ते चोवीस इंचांच्या थराला आधी पसरून पातळ करायचं आणि मग विशेष खोल नांगरट. चोवीस इंचांच्या वर मिसळणं परवडत नाही, उचलून ढीग करावे लागतात. मिसळताना नांगर वाळूच्या थराच्या निदान दुप्पट खोल जायला हवा. सहा इंच वाळू असेल तर बारा इंच. नाहीतर वाळूचा वेगळा पापुद्रा तसाच राहतो, पाणी त्याच्या सांध्यावर अडतं आणि मुळं तिथेच थांबतात.

थर मोजताना एका जागी खड्डा करून भागत नाही. पट्टे आखून ठरावीक अंतरावर फावड्याने मूळ मातीपर्यंत खणा, प्रत्येक खड्ड्याची खोली नकाशावर लिहा. एक इंच थर एका एकरावर म्हणजे १३४ घनयार्ड. सहा इंच म्हणजे ८०७. सरासरीत एका इंचाची चूक झाली तर दहा एकरांवर १,३४० घनयार्ड इकडचे तिकडे होतात. ठेकेदार घनयार्डावर पैसे घेणार आणि मंजुरी तुमच्या मोजणीवर, तेव्हा अर्धा दिवस फावडं चालवणं स्वस्त पडतं.

वाळू टाकायची कुठे हेही अर्जातच ठरतं. पाणथळीत लोटली तर फक्त ईसीपी नाही, एडी-१०२६ मोडल्यामुळे इतर शेती अनुदानंही अडचणीत येतात. नदीत परत ढकलायला आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची (लष्कराच्या अभियंता विभागाची) परवानगी लागू शकते.

खरवडलेल्या जमिनीत आधी खालची भरड माती, वर सुपीक माती. ती माती जिथून आणायची ती जागाही पर्यावरण तपासणीत धरतात. शेतकरी भरावाच्या शेताचे कागद पूर्ण करतो आणि माती उचलायच्या जागेचं विसरतो, फाइल तिथेच थांबते.

आणि ओल्या जमिनीवर अवजड यंत्रं घालू नका. वरची वाळू कोरडी दिसते, खालची माती अजून चिखल असते. डंपर फिरले की ती अशी दबते की वाळूने केलं नसतं तेवढं नुकसान यंत्र करतं. त्या दबलेल्या मातीची दुरुस्ती मात्र ईसीपीत येत नाही.

पाणंद

त्यात भर: पाण्याखाली राहिलेल्या आणि हंगामभर पडीक राहिलेल्या जमिनीत मुळांशी राहणारी उपयुक्त बुरशी कमी होते. पुढच्या मक्याला जमिनीत असलेला स्फुरदही नीट उचलता येत नाही, पानं जांभळट पडतात. १९९३नंतर हे खूप दिसलं. त्यामुळे सपाटीकरण झालं की ओट किंवा दुसरं आच्छादन पीक लगेच पेरून जमीन झाकावी. पडीक ठेवू नये.

गोदाकाठ

आपल्याकडचा हिशोब शेजारी ठेवतो, कारण सप्टेंबर २०२५ला सीना आणि मांजराकाठी हेच झालं.

आपल्याकडे एसडीआरएफच्या (राज्य आपत्ती प्रतिसाद निधी) निकषात गाळ किंवा वाळूचा थर तीन इंचांहून जास्त असला तर हेक्टरी १८,००० रुपये. भूस्खलनाने किंवा नदीने पात्र बदलल्याने जमिनीचा मोठा भाग गेला तर हेक्टरी ४७,०००, तेही अल्पभूधारक आणि अत्यल्पभूधारकांनाच. तीन इंच एका हेक्टरवर म्हणजे ७६२ घनमीटर, आपल्या भाषेत जवळपास २६९ ब्रास. १८,००० भागिले २६९ म्हणजे ब्रासला ६७ रुपये. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एका ब्रासची धरा आणि सांगा, ६७ रुपयांत भरून, नेऊन, रिकामी कोण करेल? थर एक फुटाचा असेल तर ब्रासला १७ रुपयेही पडत नाहीत, कारण दर थराच्या जाडीवर बदलत नाही.

रानमेवा

पण ऑक्टोबर २०२५च्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी साडेतीन लाख जाहीर झाले होते ना?

गोदाकाठ

त्यातले ४७,००० रोख. उरलेले ३ लाख मनरेगातून, म्हणजे कामाच्या रूपात. मनरेगात मजुरी आणि साहित्याचं प्रमाण ६० आणि ४० होतं, आणि मजुरांच्या जागी यंत्र लावता येत नव्हतं. खरडलेल्या हेक्टरवर माती आणून पसरायला पोकलेन आणि हायवा लागतात. त्या पॅकेजात गाळाने बुजलेल्या विहिरीला ३०,००० होते, ती रक्कम मला जास्त उपयोगाची वाटते, कारण गाळ उपसायला माणसं लागतातच.

एक मात्र आपल्याकडे बरं आहे. पंचनामा झाला की शेतकऱ्याला आधी स्वतःचे पैसे ओतावे लागत नाहीत. अमेरिकेत ज्याच्याकडे २० हजार डॉलर नाहीत, त्याला ७५ टक्के परत मिळणार म्हणून काय उपयोग?

माळरान

मुद्दा मान्य. छोट्या शेतकऱ्याला ईसीपी यामुळेच अवघड जाते. दोन मार्ग निघतात. एक, स्वतःची मेहनत आणि स्वतःचं यंत्र खर्चात धरता येतं, काउंटीने ठरवलेल्या दराने. म्हणजे रोख न घालताही काम 'खर्च' म्हणून उभं राहतं. दुसरा, काम टप्प्यांत मंजूर करून घेऊन पूर्ण झालेल्या टप्प्याचे पैसे आधी मागायचे. सगळीकडे जमत नाही, करारावर सही करण्याआधी विचारावं.

ढेकूळ

अवांतर: पंजाबने २०२५च्या पुरानंतर 'जिसदा खेत, उसदी रेत' म्हणत शेतात आलेली वाळू शेतकऱ्याला विकू दिली. आपल्याकडे वाळू गौण खनिज, शेतातून उचलायची तरी महसूल खात्याकडे जावं लागतं. वाळू विकली गेली तर उपशाचा खर्च तिच्यातूनच निघेल.

नांगरट

अवांतर नाही, कामाचं आहे. पण पुराची वाळू बांधकामाच्या कामाची असेलच असं नाही. गाळ आणि पालापाचोळा मिसळलेला असतो, चाळून धुवावी लागते.

पाणंद

नदीने काठ खाल्ला आणि आता विहीर-घर धोक्यात आहे, याला ईसीपी लागते का?

नांगरट

नाही, ते ईडब्ल्यूपी, म्हणजे इमर्जन्सी वॉटरशेड प्रोटेक्शन. ते एनआरसीएसकडे आहे आणि शेतकऱ्याला थेट अर्ज करता येत नाही. काउंटी, शहर किंवा संवर्धन जिल्हा (जमीन-पाणी संवर्धनाची स्थानिक संस्था) यांपैकी कोणीतरी प्रायोजक व्हावं लागतं. खाजगी जंगलाचं नुकसान असेल तर तिसरी योजना, ईएफआरपी (आपत्तीनंतर जंगल पूर्ववत करण्याची). तीही एफएसएकडेच.

पैशांबद्दलही लिहायचं राहिलं. ईसीपीला दरवर्षीची ठरलेली तरतूद नाही. अमेरिकी संसद (काँग्रेस) आपत्तीनंतर पुरवणी रक्कम देते, ती संपेपर्यंत चालते. डिसेंबर २०२४च्या अमेरिकन रिलीफ ॲक्टमध्ये ईसीपीला ८२.८ कोटी डॉलर होते. निधी नसला तरी अर्ज घेतात आणि यादीत ठेवतात. म्हणून 'सध्या पैसे नाहीत' असं कानावर आलं तरी मुदतीत अर्ज टाकावाच. यादीत नाव नसेल तर नंतर निधी येऊनही उपयोग नाही.

रानमेवा

कसणारा एक आणि मालक दुसरा असेल तर अर्ज कोणाचा?

माळरान

ज्याचा त्या जमिनीच्या शेतीत हिस्सा आहे आणि जो दुरुस्तीचा खर्च उचलतोय त्याचा. कूळही करू शकतं, पण मालकाची संमती लेखी घ्या. केलेलं काम त्याच्या ठरलेल्या आयुष्यमानापर्यंत टिकवायची जबाबदारी करारात असते, आणि मध्येच कुंपण काढलं किंवा जमीन दुसऱ्या वापरात गेली तर पैसे परत मागू शकतात. जमीन कसायचा करार दोन वर्षांचा आणि ही जबाबदारी त्याहून लांब, असं झालं की कूळ अडकतं. दोघांनी खर्च वाटून घेतला असेल तर बिलंही त्याच प्रमाणात वेगवेगळ्या नावांवर हवीत. एकाच्या नावाचं बिल आणि दुसऱ्याच्या खात्यातून चेक, असं दिसलं की ८४८-बी परत येतो.

नांगरट

स्वतःच्या मेहनतीचे पैसे मागणार असाल तर वही पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, कोण, कोणतं यंत्र, किती तास, शेताचा कोणता भाग, किती फूट किंवा किती घनयार्ड. महिन्याने आठवून एकाच पेनाने लिहिलेली वही तपासणाऱ्याला लगेच कळते. डोझरचे तास वहीत ४० आणि डिझेलच्या पावत्या १० तासांपुरत्या, असं असेल तर १०च धरतात.